हजेरीपटाबाहेरची मुले: जपानातील मराठी कुटुंबांस अनावृत पत्र

जपानात वास्तव्य करून असलेल्या मराठी बंधुभगिनींस,



बालमजुरीच्या विषयावर पत्र लिहावयाचे तर ते कामगारमंत्र्यास लिहावे, फार तर साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांस लिहावे, अशी आपल्याकडे रूढ समजूत आहे, आणि त्या ठिकाणी अशी पत्रे आजवर पुष्कळ रवाना झालेली आहेत. हे पत्र मी मुद्दाम आपणास लिहीत आहे; म्हणजे निशिकासाईत, योकोहामात, ओसाका-कोबेच्या परिसरात बिऱ्हाड थाटून राहिलेल्या, संगणकाच्या, मोटारींच्या वा औषधांच्या व्यवसायात गुंतलेल्या, आणि गावाकडे आईवडील, घर व थोडीबहुत शेती मागे ठेवून आलेल्या सामान्य गृहस्थांना आणि गृहिणींना. त्याला कारण असे की, ज्या देशाने आपणास आश्रय दिला, त्या देशाने आपली मुले गिरण्यांतून, परक्यांच्या ओसरीवरून आणि रस्त्यावरून शाळेत कशी आणली याची हकीकत आपल्या अगदी दाराशी आहे, आणि तिच्यात कायदे करणाऱ्यांइतकाच, किंबहुना माझ्या मते काकणभर अधिक, वाटा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आहे.

पिवळ्या टोप्या घातलेली, पाठीवर चामड्याची जड दप्तरे वागविणारी मुले रोज सकाळी रांगेने शाळेत निघालेली आपण पाहता. चौकात हातात निशाण घेऊन उभा असलेला एखादा निवृत्त वृद्ध त्यांना रस्ता ओलांडून देतो, आणि ती रांग पाहताना या देशात हे असेच पूर्वापार चालत आले असावे असे कोणासही वाटावे. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. गिफू प्रांताच्या उत्तरेकडील हिदाच्या डोंगराळ मुलखातून बारा-तेरा वर्षांच्या मुली, कमरेला एकमेकींचा आधार घेत, १,६७२ मीटर उंचीचा नोमुगी घाट बर्फातून ओलांडून सुवा तळ्याकाठच्या ओकाया गावी रेशमाच्या कारखान्यांत कामाला जात, आणि वर्षअखेरीस त्याच वाटेने परत येत. उकळत्या पाण्यातील कोषातून तंतू उकलण्याचे ते काम होते. दिवस तेरा-चौदा तासांचा, हवा दमट, निजण्याची जागा कोंदट, आणि सुताच्या जाडीत किंवा चकाकीत उणेपणा आढळला की मजुरीतून कपात. यामामोतो शिगेमी या लेखकाने, या मुली वृद्ध झाल्यानंतर, त्यांच्यापैकी शेकडो जणींना भेटून त्यांच्या आठवणी एकत्र केल्या व १९६८ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. पुढे १९७९ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. त्याच्या कितीतरी आधी, १९२५ मध्ये, लहानपणीच कापडगिरणीत कामाला लागलेल्या होसोई वाकिझो याने सूतगिरण्यांतील स्त्रीकामगारांची दुःखे जगासमोर मांडली होती आणि त्याच वर्षी तो अकाली निवर्तला.

या हकिकतीतील ज्या एका गोष्टीपाशी मराठी वाचकाने थांबले पाहिजे ती गोष्ट कराराची आहे. हंगामापूर्वी कारखान्याचा दलाल डोंगरातल्या घरी येई, बापाच्या हातावर आगाऊ रक्कम ठेवी, करारनाम्यावर त्याचा अंगठा घेई, आणि त्या क्षणापासून मुलगी त्या रकमेच्या फेडीस बांधली जाई; ती पळाली वा आजारी पडून परतली तर दंडासकट पैसे परत करण्याचा तगादा घरच्यांच्या मागे लागे. बीड, पाटोदा, शिरूर-कासार, आष्टी, पाथर्डी या भागांतील कोणाही माणसास ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. तेथे ऊसतोडीचा मुकादम पावसाळा सरता सरता वाडीवस्तीवर येतो, नवराबायको मिळून एक कोयता धरून आगाऊ उचल देतो, आणि दिवाळीच्या सुमारास टोळी ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या व मुले भरून पश्चिम महाराष्ट्राकडे अथवा कर्नाटकाकडे निघते. करार आईबापांचा असतो, त्यावर मुलाचे नाव कोठेही नसते, आणि तरी फडात पहाटे वाढे गोळा करणारे, मोळ्या बांधावयास हात लावणारे, कोपीवर तान्ह्या भावंडाला सांभाळणारे आणि दुरून पाण्याचा हंडा आणणारे मूल त्या उचलीत हिशेबावाचून धरलेले असते. शाळेच्या दप्तरी त्याचे नाव जून महिन्यापासून असते, नोव्हेंबरापासून त्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडत जाते, आणि एप्रिलात ते परत येते तेव्हा वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो. दोन-तीन हंगाम असे गेले म्हणजे ते मूल शाळेत जावयाचेच बंद होते. चौदा-पंधराव्या वर्षी मुलीचे लग्न लावून दिले जाते, कारण एक कोयता नवराबायकोचा धरला जातो आणि नवा कोयता म्हणजे नवी उचल.

कायद्याने हे सारे थांबेल अशी आशा जपाननेही बाळगली होती. १९११ च्या मार्च महिन्यात येथील कारखाना कायदा जाहीर झाला. बारा वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास मनाई, पंधरा वर्षांखालील मुले व स्त्रिया यांस बारा तासांची मर्यादा. पण हा कायदा लागू होता मुख्यतः पंधरा वा अधिक कामगारांच्या कारखान्यांस. त्याचा अंमल सुरू व्हावयास १९१६ उजाडले, आणि स्त्रिया व मुले यांचे रात्रीचे काम प्रत्यक्षात बंद व्हावयास १९२९ साल यावे लागले, कारण गिरणीमालकांनी मुदतीमागून मुदत पदरात पाडून घेतली. योगायोग असा की, त्याच १९११ च्या मार्चात कलकत्त्याच्या विधिमंडळात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले होते, आणि त्या प्रयत्नात त्यांनी जपानचा दाखला दिला होता. पुढील वर्षी ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. गोखल्यांस जे साधले नाही ते बडोद्यास सयाजीरावांनी १९०६ पासून संस्थानभर आणि कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ पासून आपापल्या अधिकारात करून दाखविले. शाहू महाराजांनी तर मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. ब्रिटिश मुलखातील मराठी मुलाच्या वाट्याला मात्र तेव्हा ती सक्ती आली नाही, आणि त्या एका मतदानाची किंमत आपण आजपर्यंत मोजत आहोत असे मला प्रामाणिकपणे वाटते.

जपानात सक्तीच्या शिक्षणाची योजना १८७२ ची. पहिल्या वर्षदोनवर्षांत शाळेत नाव असलेली मुले शंभरात अवघी अठ्ठावीस होती. १९०० मध्ये प्राथमिक शाळेची फी माफ झाली, आणि १९१० पर्यंत हे प्रमाण अठ्ठ्याण्णवावर गेले. नाव असणे आणि हजर असणे यांत अंतर होतेच, आणि ते अंतर भरून काढण्यासाठी गावोगावच्या शिक्षकांनी जे केले त्याचा एकच मासला सांगतो. गरिबांच्या मुली तेव्हा दुसऱ्यांची पोरे सांभाळावयास ठेवल्या जात, आणि पाठीवर तान्हे बांधलेली मुलगी वर्गात आली तर मूल रडून वर्ग मोडतो म्हणून तिला दारातूनच परत लावीत. इबाराकी प्रांतातील एका गावी १८८३ साली एका शिक्षकाने अशा मुलींसाठी निराळी शाळा काढली. तिच्यात एक खोली शिकण्याची, एक मोठ्या पोरांच्या खेळण्याची आणि एक तान्ह्यांना निजविण्याची अशी वाटणी होती, आणि मुली पाळीपाळीने सांभाळणे व शिकणे करीत. अशा शाळा पुढे अनेक प्रांतांत निघाल्या. मुलीला कामावरून सोडवून आणण्याची शक्ती त्या शिक्षकाच्या अंगी नव्हती. तिच्या पाठीवरच्या ओझ्यासकट तिला आत घेण्याची बुद्धी मात्र त्याला झाली.

आता ओसाकाची गोष्ट सांगतो, जिच्यासाठी मी हे पत्र लिहावयास घेतले. १९१८ च्या उन्हाळ्यात तांदळाचे भाव भडकून देशभर दंगे झाले होते. त्यानंतरच्या शरदातील एका संध्याकाळी ओसाका प्रांताचे गव्हर्नर हायाशी इचिझो हे योदोयाबाशी पुलाजवळच्या एका न्हाव्याच्या दुकानी बसले असता, समोरच्या आरशात त्यांना रस्त्यावर सायंकाळची वर्तमानपत्रे विकीत उभी असलेली एक चाळिशीची बाई आणि तिच्या जवळचे मूल दिसले. त्या आरशाकडे इतर गिऱ्हाइकेही रोज पाहतच असतील. हायाशी दुकानातून उठून त्या बाईकडे गेले, तिचा अंक विकत घेतला, तिची विचारपूस केली, आणि जवळच्या चौकीवरील पोलिसास तिच्या घरची स्थिती पाहून कळविण्यास सांगितले. चौकशीत निघाले ते असे की, नवरा आजारी होऊन अंथरुणास खिळलेला, घरात मुले लहान, आणि पुस्तके घेण्यास पैसा नाही म्हणून ती शाळेत जात नाहीत. अशी कुटुंबे शहरात किती असतील, आणि ती कोणाच्या नजरेस पडत असतील, या प्रश्नाने त्यांचा पिच्छा पुरविला असे सांगतात. त्यांचे सल्लागार ओगावा शिगेजिरो यांच्या साहाय्याने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ओसाकाने एक योजना सुरू केली: साधारणपणे प्राथमिक शाळेचा इलाखा हाच एकेक विभाग धरावयाचा, त्या विभागातच राहणारी, लोकांच्या ओळखीची, दुकानदारी वा अन्य साधा व्यवसाय करणारी माणसे नेमावयाची, त्यांनी बिनमोबदला घरोघर जाऊन कोणाची स्थिती कशी आहे याची नोंद ठेवावयाची, आणि जेथे औषध हवे तेथे दवाखाना, जेथे काम हवे तेथे काम आणि जेथे पुस्तके हवीत तेथे पुस्तके मिळतील अशी खटपट करावयाची.

विभागाची हद्द शाळेच्या हद्दीवरून ठरविली, यात माझ्या मते या साऱ्या योजनेचे मर्म आहे. हजेरीपटावर नसलेले किंवा असून न येणारे मूल हा घरातील संकटाचा सर्वांत आधी दिसणारा पुरावा असतो, आणि त्या पुराव्यामागे जाणाऱ्यास बापाचा आजार, आईचे कर्ज, दलालाचा करार असे सगळे क्रमाने सापडत जाते. ओसाकातील त्या बाईच्या घरी धाड घालून मूल उचलून नेले असते तर तिचे सायंकाळचे दोन पैसे बुडाले असते आणि बाकी काही बदलले नसते.

ती योजना पुढे देशभर गेली. आज तिचे वारस ‘मिन्सेइ-इइन’ या नावाने काम करतात, आणि १९४७ च्या बालकल्याण कायद्याने तीच माणसे बालकांचीही सेवक ठरली आहेत. त्यांची मुदत तीन वर्षांची, वेतन काही नाही, आणि संख्या देशभर सव्वादोन लाखांच्या घरात आहे. आपल्या गल्लीतही असे कोणी असेल. आपल्या शेजारच्या एकट्या आजीच्या दारावर अधूनमधून टकटक करणारा गृहस्थ बहुधा तोच. त्याच १९४७ मध्ये नऊ वर्षांचे शिक्षण सक्तीचे झाले आणि श्रमविषयक कायद्याने पंधरा वर्षांखालील मुलास नोकरीवर घेण्यास बंदी केली. कायदा, शाळा आणि दारावर टकटक करणारा माणूस हे तिन्ही एकत्र आले तेव्हा रांगेतली ती पिवळी टोपी संभवली.

आपल्या देशात यांपैकी पहिल्या दोहोंची आज तितकीशी वाण नाही. १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यात कामावर ठेवणे हा गुन्हा झाला आहे. शाळेच्या वेळेनंतर वा सुटीत कुटुंबाच्या धंद्यात हातभार लावण्याची जी सवलत त्यात ठेवली आहे, तिचा आडोसा पुष्कळ ठिकाणी घेतला जातो हे मात्र नमूद केले पाहिजे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शिक्षणाचा हक्क २०१० पासून आहे. ऊसतोडीस जाणाऱ्यांच्या मुलांनी गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय आहे, संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आहे, स्थलांतरित मुलास दुसऱ्या गावच्या शाळेत विनाअडथळा बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. कमी आहे ती तिसऱ्याची, म्हणजे कोणत्या घरचे मूल कोणत्या दिवशी ट्रकमध्ये बसले हे ज्याला ठाऊक आहे आणि ठाऊक असल्याचे ज्याला ओझे वाटते अशा माणसाची.

ते माणूस आपण होऊ शकता असे माझे म्हणणे आहे, आणि त्याचा आरंभ आपल्या स्वतःच्या घरापासून करावा लागेल. आपल्यापैकी अनेकांचे वृद्ध आईवडील पुण्यात, नाशकात, ठाण्यात एकटे राहतात, आणि त्यांच्या सोबतीस व वरकामास गावाकडची एखादी मुलगी आणून ठेवण्याची रीत अजून मोडलेली नाही. रविवारच्या दूरध्वनीत पडद्याच्या कडेने चहाचा पेला ठेवून जाणारा तो लहान हात आपणही पाहिलेला असेल. ‘घरच्यासारखी राहते, जेवूनखाऊन सुखी आहे, तिचे आम्ही लग्नही करून देऊ’ असे आई म्हणते, आणि ते ती मनापासून म्हणत असते. आपण आईला त्या मुलीचे वय विचारावे, ती कोणत्या शाळेच्या पटावर आहे हे विचारावे, आणि ती कोणत्याच पटावर नसेल तर आईच्या रागाची पर्वा न करता तिला तिच्या घरी पोहोचवून तिच्या शाळेचा खर्च उचलावा, आणि त्या कामावर तिची आई, मावशी अशी कोणी प्रौढ बाई पुऱ्या पगारावर ठेवावी. टोकियोत मिळणाऱ्या वेतनाला हा भार जड नाही. घरकामावर व ढाब्याहॉटेलांत मुले ठेवण्यास २००६ पासूनच मनाई आहे, ही गोष्ट सुशिक्षित घरांतही किती थोड्यांना ठाऊक आहे याचे मला फार वाईट वाटते.

सुटीत आपण देशी जाता तेव्हा महामार्गावरील ढाब्यावर टेबल पुसणारे, गॅरेजात चाकाखाली निजलेले, वीटभट्टीवर कच्च्या विटा उलथणारे मूल आपल्या दृष्टीस पडते. १०९८ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य खबर देता येते, आणि ती द्यावी. पण खबर देऊन पुढच्या गावी निघून जाण्यात अर्धेच काम होते. त्या मुलाचे गाव कोणते, बाप कशाने अडला, घरी कोण आहे, हे चार शब्द आपुलकीने विचारून घेतले, आणि आठ दिवसांनी त्याचे काय झाले याचा पुन्हा तपास केला, तर कागद हलतो. ज्याचा पाठपुरावा करणारा कोणी आहे त्या प्रकरणाकडे कचेरीत निराळ्या नजरेने पाहिले जाते हा आपणा सर्वांचाच अनुभव आहे.

‘मूल काम करणार नाही तर खाणार काय?’ हा प्रश्न आपणास प्रत्येक ठिकाणी विचारला जाईल. तो टाळू नये, कारण विचारणारा बहुधा निर्दय नसतो. त्याला सांगावे की जेथे मुले स्वस्तात मिळतात तेथे मोठ्यांना काम मिळत नाही आणि मिळाले तर पुरी मजुरी मिळत नाही. मालकाने मुलगा ठेवला आहे तो त्याच्या बापाला द्यावा लागेल त्याहून कमी द्यावे लागते म्हणून. मुंबईच्या गिरण्यांत १८८१ च्या कायद्याप्रमाणे सात वर्षे पुरी झालेल्या मुलास नऊ तास राबविता येत असे, आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांची संघटना उभारून अर्जविनंत्या सुरू केल्या तेव्हाही, मुले काढून घेतली तर धंदा बुडेल, कुटुंबे उपाशी मरतील, हीच भीती दाखविली जात होती. मुले हळूहळू बाहेर निघाली, आणि गिरण्या त्यामुळे काही बुडाल्या नाहीत.

जपानातल्या जपानात करता येण्याजोगेही आहे. येथे येणाऱ्या कोकोचा फार मोठा भाग घाना देशातून येतो, आणि तेथील शेतांवर मुले राबतात. फेब्रुवारीच्या १४ तारखेस या देशात चॉकलेटाची जी उलाढाल होते तिच्यात आपलीही मुले सामील असतात. १९९७ मध्ये टोकियोतील काही विद्यार्थ्यांनी, कैलास सत्यार्थींच्या प्रेरणेने निघालेल्या बालमजुरीविरोधी जागतिक पदयात्रेस जपानात पाठिंबा मिळवावा म्हणून ‘एस’ नावाची संस्था काढली. ती आजही घानातील कोकोच्या गावांत आणि भारतातील कापूसबियाण्याच्या गावांत मुलांना शाळेत आणण्याचे काम करते. विद्यार्थ्यांनी आरंभिलेले काम इतकी वर्षे टिकते याचे मला फार अप्रूप वाटते. वेष्टनावर माल कोठून आला हे पाहावे, नसल्यास कंपनीस विचारावे, आणि वर्गणी द्यावयाची तर अशा ठिकाणी द्यावी.

याहून जवळची एक गोष्ट आहे. जपानात सक्तीचे शिक्षण परदेशी नागरिकांच्या मुलांस लागू नाही, आणि २०१९ मध्ये सरकारने प्रथमच केलेल्या पाहणीत शाळेत जात नसावीत अशी सुमारे २० हजार परदेशी मुले आढळली. आपली मुले त्यांत नसतील. पण आपल्याच इमारतीत राहणाऱ्या, उपाहारगृहात राबणाऱ्या एखाद्या नेपाळी, बंगाली वा आपल्याच देशाच्या कुटुंबातील मोठा मुलगा दिवसा कोठे असतो हे आपणास ठाऊक असावयास हवे. जपानी मुलेही पूर्ण सुरक्षित झालेली नाहीत: २०१२ च्या ऑगस्टात गुन्मा प्रांतात किर्यू येथे एका शाळेच्या इमारतीच्या कामावर भिंत कोसळून जो मृत्यू पावला तो चौदा वर्षांचा शाळकरी मुलगा होता.

२०२४ च्या जागतिक गणनेत मजुरी करणारी मुले १३ कोटी ८० लाख धरली आहेत. त्यांतील दर पाचांपैकी तिघे शेतीत आहेत. एवढ्या आकड्यापुढे माणूस हात टेकतो, म्हणून आकड्यापासून दूर होऊन मी आपणास एका शाळेपुरते, एका हजेरीपटापुरते मागणे करतो. उसाच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात. त्याआधी, सप्टेंबरातच, आपल्या गावच्या किंवा आईवडिलांच्या गावच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांस पत्र लिहावे. यंदा कोणती मुले आईबापांबरोबर जाणार आहेत, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गेला आहे काय, आजीजवळ राहू शकणाऱ्या मुलासाठी किती शिधा आणि किती पैसे लागतील, हे विचारावे. शाळा व्यवस्थापन समितीवर तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. त्यांतील ओळखीच्या एकास या कामी जोडून घ्यावे. चार-पाच कुटुंबांनी मिळून एका गावच्या मुलांची जबाबदारी घ्यावी आणि एप्रिलपर्यंत दरमहा हजेरी मागवावी. उत्तर आले नाही तर दुसरे पत्र लिहावे, आणि तेही निष्फळ झाले तर डिसेंबरच्या सुटीत स्वतः जाऊन तो हजेरीपट उघडून पाहावा.



आपला स्नेहाकांक्षी,
एक जपाननिवासी मराठी